कोटना, हाळ आणि पांजरपोळ

मे महिन्याच्या अखेरीस सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो आणि रायपुरात नवतपा लागतो. या नऊ दिवसांचा दरारा विदर्भातल्या माणसाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. समता कॉलोनीत दुपारी बारानंतर माणसं कूलरसमोर बसतात, खिडक्यांवर पडदे ओढले जातात, अग्रसेन चौकातली वर्दळ ओसरते. रस्त्यावर उरतात ती जनावरं. कुत्री उभ्या मोटारींच्या पोटाखाली सरकतात, गाई कुंपणाच्या हातभर सावलीला अंग चिकटवून उभ्या राहतात, साळुंक्या चोच उघडी ठेवून फांदीवर बसतात.

अशा वेळी काही घरांच्या फाटकाबाहेर पाणी दिसतं. झाडाला टांगलेलं मातीचं पसरट भांडं पाखरांसाठी. त्याला इकडे सकोरा म्हणतात. जमिनीवरची सिमेंटची जाडजूड कुंडी गाई-कुत्र्यांसाठी. तिचं नाव कोटना. हा छत्तीसगडी शब्द आहे. खेड्यात अंगणात किंवा गोठ्याशी दगड कोरून केलेलं हे भांडं असे आणि त्यात गुरांना पाणी, तांदळाचं धुवण, पेज मिळे. महाराष्ट्रातल्या गावांत विहिरीच्या कडेला याच कामासाठी हाळ असे. पाणी शेंदणाऱ्याने घरी दोन घागरी न्यायच्या आणि एखादा पोहरा हाळात ओतायचा, हा रिवाज कुणी लिहून ठेवला नव्हता. पण कुणी मोडतही नव्हतं.

हाळ आणि कोटना हे दोन शब्द एकाच शहरात नांदावेत याला इतिहासाचं कारण आहे. अठराव्या शतकात छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आलं, बिंबाजी भोसले रतनपुरास राहून कारभार पाहू लागले, आणि त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या मराठी कुटुंबं या मुलखात रुजली. समता कॉलोनीला लागून असलेल्या चौबे कॉलोनीत रायपूरचं महाराष्ट्र मंडळ आहे. त्याची स्थापना 1935ची. पोळ्याचा सण दोन्ही समाजांचा. नागपुरात तान्ह्या पोळ्याला मुलं लाकडी बैल ओढतात, छत्तीसगडात मातीचे. बैलाला माणसांत मोजणारी ही दोन्ही घरं.

मात्र कुत्र्याचा सण नाही. भारतातल्या शहरांत जनावरांच्या आधुनिक आश्रयस्थानांची कथा सुरू होते ती त्याच्यावरूनच, आणि तीही उन्हाळ्यात.

उन्हाने कुत्री पिसाळतात, ही समजूत जुनी आणि जगभरची. युरोपात भर उन्हाळ्याच्या दिवसांना कुत्र्याच्याच नावाने ओळखत. व्याध तारा सूर्याबरोबर उगवू लागला की काहिली वाढते, असं ग्रीक आणि रोमन मानत. रेबीज उन्हामुळे होत नाही, तो विषाणू चाव्यातून पसरतो. परंतु ही समजूत मोडायला एकोणिसावं शतक सरत यावं लागलं. तोवर मुंबईच्या कंपनी सरकारने आपल्या समजुतीप्रमाणे उपाय योजला होता. 1813च्या नियमाने उकाड्याच्या ठरावीक महिन्यांत बेवारशी कुत्री मारायची मुभा दिली. 1832मध्ये ही मोहीम कडक झाली आणि मारलेल्या कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस ठरलं. त्या काळी आठ आणे ही लहान रक्कम नव्हती. बक्षिसापायी मारेकरी कुणाच्या ओट्यावर बसलेलं, कुणाच्या घरचं पाळलेलं कुत्रंही सोडेनात.

6 जून 1832 हा पारशांचा पवित्र दिवस होता. पारशी धर्मात कुत्र्याचं स्थान मोठं: अंत्यसंस्काराआधी मृतदेहावर कुत्र्याची नजर पडावी लागते, त्या विधीला सगदीद म्हणतात. नेमक्या त्या दिवशी फोर्टात कुत्री मारली जाताना पाहून जमाव खवळला आणि त्याने पोलिसांवर हल्ला चढवला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद झाला. जैन आणि हिंदू व्यापारी पारशांच्या बाजूने उतरले. कुलाब्याच्या छावणीत जाणारं अन्नसामान अडवण्यात आलं. दंगलीचा कायदा वाचून दाखवावा लागला, सैन्य आलं, धरपकड झाली. मुंबईच्या नोंदलेल्या इतिहासातला हा पहिल्या मोठ्या दंग्यांपैकी एक, आणि तो झाला रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी.

दंगा शमल्यावर जे घडलं ते अधिक मोलाचं आहे. जमशेटजी जीजीभाईंसारख्या धनिकांनी सरकारपुढे अर्ज ठेवला: कुत्री मारू नका, शहराबाहेर हलवा. पण हलवायची कुठे? त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून 1834मध्ये भुलेश्वरजवळ पांजरपोळ उभा राहिला. जमशेटजी आणि शेठ मोतीशा यांच्यासारख्या पारशी-जैन दात्यांचा पैसा त्यामागे होता. पुढे तिथे गाईंचीच संख्या वाढली, त्यामुळे आज पांजरपोळ म्हटलं की गोशाळाच डोळ्यांसमोर येते. चेंबूरकरांना तर तो शब्द बसथांब्याचा आणि पूर्व मुक्तमार्गावरच्या बोगद्याचा म्हणून ठाऊक असतो. मुळात मात्र मारेकऱ्यांपासून वाचवलेल्या कुत्र्यांचा तो आसरा होता. लंडनमध्ये मेरी टील्बी यांनी बेवारशी कुत्र्यांसाठी घर उघडलं ते 1860 साली. आज बॅटरसीच्या नावाने जगभर ओळखली जाणारी ती संस्था मुंबईच्या पांजरपोळाहून 26 वर्षांनी लहान आहे.

पांजरपोळाची कल्पना अर्थात मुंबईची नव्हती. गुजरातेतल्या शहरांत ती शतकांपूर्वीपासून होती. 1623मध्ये इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला वाल्ले खंबायतला आला, तेव्हा त्याने पाखरांचं इस्पितळ पाहिलं आणि थक्क होऊन लिहून ठेवलं. त्याही मागे गेलं तर सम्राट अशोकाचे लेख आहेत. दुसऱ्या गिरिलेखात माणसांच्या आणि जनावरांच्या औषधोपचारांची सोय केल्याचं, रस्त्यांवर विहिरी खोदल्याचं आणि झाडं लावल्याचं तो सांगतो. सातव्या स्तंभलेखात पाणपोया येतात, त्याही माणसं आणि पशू या दोघांसाठी. जनावराला पाणी पाजणं ही या देशात राज्यकर्त्याने शिलेवर कोरून अभिमानाने सांगायची गोष्ट होती.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई वाढली तशी जनावरंही वाढली. 9 मे 1874 रोजी, ऐन उन्हाळ्यात, घोड्यांची ट्राम सुरू झाली. तिच्या कंपनीच्या तबेल्यात पुढे 900 घोडे होते. बैलगाड्या, खटारे, व्हिक्टोरिया वेगळ्याच. त्याच 1874 साली प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास आळा घालणारी मुंबईची संस्था स्थापन झाली. तिच्या मागे दिनशा माणेकजी पेटिट उभे होते, आणि 1880च्या दशकात परळला उभ्या राहिलेल्या जनावरांच्या इस्पितळाला त्यांच्या पत्नी साकरबाईंचं नाव मिळालं. 1886मध्ये त्याच आवारात मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. आसरा देणारा पांजरपोळ, उपचार करणारं इस्पितळ आणि डॉक्टर घडवणारं महाविद्यालय अशी साखळी 52 वर्षांत जुळली.

तिची चौथी कडी रस्त्यावर होती. दानशूर कुटुंबांनी शहरभर दगडी प्याऊ, म्हणजे पाणपोया, बांधले. मशीद बंदरजवळच्या भातबाजारातला केशवजी नायक प्याऊ 1876चा. फोर्टातला मुळजी जेठा प्याऊ 1890च्या दशकातला, त्यावर जनावरांच्या आकृती कोरलेल्या आहेत. अशा अनेक प्याऊंवर माणसांसाठी तोट्या असत आणि खाली बैल-घोड्यांसाठी कुंडी. घाटावरचा हाळ महानगरात दगडी नक्षी लेवून आला होता. पुढे ट्राम विजेवर गेली, खटाऱ्यांच्या जागी ट्रक आले, घरोघर नळ आले आणि प्याऊ कोरडे पडले. तहान लागलेली जनावरं मात्र शहरातून गेली नाहीत.

कायदाही सावकाश मागोमाग आला. 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमामागे राज्यसभेत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी धरलेला आग्रह होता. जनावराला पुरेसं अन्न, पाणी किंवा निवारा न देणं ही या कायद्याने क्रूरता ठरली. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठीचे 1965चे नियम तर थेट उन्हाळ्याबद्दल बोलतात: तापमान 37 अंशांच्या वर जाणाऱ्या भागात दुपारी 12 ते 3 त्यांना कामाला जुंपता येत नाही. रायपूर, नागपूर, चंद्रपूर इथे हा नियम एप्रिल आणि मे महिन्यांत जवळजवळ रोज लागू पडतो.

कुत्र्यांची हत्या मात्र थांबली नव्हती. 1832चा दंगा झाला, पांजरपोळ झाला, तरी नगरपालिका विसाव्या शतकातही कुत्री मारतच राहिल्या. वेगळी वाट मद्रासच्या ब्लू क्रॉसने 1964पासून धरली: कुत्रं पकडायचं, निर्बीजीकरण करायचं आणि त्याच्याच गल्लीत सोडायचं. मुंबईत 1994मध्ये मारण्याऐवजी निर्बीजीकरणाचं धोरण आलं, 2001मध्ये देशासाठी नियम झाले. यामागचा हिशेब भावनेपुरता नाही. एखाद्या भागातल्या 70 टक्के कुत्र्यांना रेबीजची लस टोचली की रोगाची साखळी तुटते. मारून रिकामी झालेली जागा मात्र शेजारची, लस न टोचलेली कुत्री भरून काढतात. निर्बीजीकरणाची खूण म्हणून कानाला खाच असलेलं शांत कुत्रं दारात बसलेलं असणं हे गल्लीतल्या पोरांच्याही हिताचं.

2023च्या नियमांनी आणखी एक पाऊल टाकलं. त्यांनी अशा जनावरांना वस्तीची जनावरं मानलं आणि त्यांच्या खाण्याची जागा व वेळ ठरवण्याची जबाबदारी रहिवासी संघांवर टाकली; ही जागा मुलांच्या खेळण्यापासून, जिन्यांपासून आणि फाटकांपासून दूर असावी असं बजावलं. 22 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानेही निर्बीजीकरण आणि लसीकरण झालेली कुत्री मूळ जागी सोडण्याचं तत्त्व मान्य केलं. पिसाळलेली आणि आक्रमक कुत्री त्याला अपवाद. नोव्हेंबरमध्ये शाळा, इस्पितळं, बस आणि रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली कुत्री हटवून परत न सोडण्याचा आदेश आला. हा वाद अजून चालू आहे, आणि चावा घेतलेल्या मुलाच्या आईबापांचं म्हणणंही त्यात तितकंच खरं आहे. म्हणून तर आश्रयस्थानाचं खरं काम भिंतीबाहेर असतं: लसीकरणाची शिबिरं, शाळेत जाऊन कुत्र्याशी कसं वागावं ते सांगणं, चावल्यावर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुऊन तडक दवाखाना गाठायला शिकवणं.

रायपुरातल्या प्राणिमित्र संस्था उन्हाळ्यात याच कामात कोटने आणि सकोरे वाटतात. मागणाऱ्यांना एकच अट घातली तरी पुरे: रोज पाणी बदलायचं. साचलेल्या पाण्यात डास होतात, आणि उन्हात ठेवलेलं स्टीलचं भांडं दुपारपर्यंत चटका देतं. मातीचं किंवा सिमेंटचं भांडं सावलीत ठेवावं.

पाळलेल्या जनावरांची गत वेगळी आणि कधीकधी अधिक अवघड. एका मोबाइल कंपनीच्या 2003च्या जाहिरातीने पग घराघरांत आणला. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच अंग निववतो. पगचं नाक चपटं असल्याने तेवढी हवाही त्याला आत-बाहेर करता येत नाही. थंड मुलखातला जाड लोकरीचा हस्की 44 अंशांत आणखी लाचार. कुत्र्याचं तापमान एरवी 38 ते 39 अंशांच्या आसपास असतं. ते 41च्या वर गेलं की उष्माघात जिवावर बेततो. चिकट लाळ, लालभडक हिरड्या, लटपटते पाय ही त्याची खूण. अशा वेळी बर्फ न लावता साधं गार पाणी अंगावर ओतून, पंख्याखाली घेऊन पशुवैद्याकडे धावावं. बंद मोटारीत 10 मिनिटांत सुमारे 11 अंश वाढतात, म्हणून "पाच मिनिटांत येतो" म्हणत कुत्र्याला गाडीत ठेवणं सर्वांत घातक. डांबरावर हाताची पाठ सात सेकंद टेकवता येत नसेल, तर त्या रस्त्यावर कुत्र्याचे पंजेही टिकणार नाहीत.

म्हणूनच नवतप्यात समता कॉलोनीत कुत्र्यांना फिरवायची फेरी पहाटे साडेपाचला होते, नाहीतर रात्री नऊनंतर. रात्री डांबर निवलेलं असतं. कूलरचं थेंबथेंब पाणी जिथे साचतं तिथे दिवसभर निजलेली गल्लीची कुत्री उठून आळस देतात. एखाद्या फाटकातून कुणीतरी बादली घेऊन बाहेर येतं, कोटन्यातलं दुपारचं कोमट पाणी झाडाच्या मुळाशी ओततं, हाताने शेवाळ खरडतं आणि ताजं पाणी भरतं. गळपट्टा घातलेलं घरचं कुत्रं आणि कानाला खाच असलेलं गल्लीचं कुत्रं आळीपाळीने त्यात जीभ घालतात. मागे एक गाय आपली पाळी येण्याची वाट पाहत उभी असते.