वाफ्याची कड : शिशापासून पोलादापर्यंत

आजचा विषय दिसायला अगदीच किरकोळ आहे. हिरवळ आणि फुलांचा वाफा यांच्यामध्ये जमिनीत उभी पुरलेली धातूची पट्टी, एवढाच. पण तिच्यामागे एक जुना प्रश्न आहे: बागेची कड कोण राखतं, धातू की माणसाचा हात?

सुरुवात करू 1629 पासून. इंग्लंडात जॉन पार्किन्सन या राजाच्या औषधकाराचा बागकामावरचा मोठा ग्रंथ त्या वर्षी निघाला. वाफ्यांच्या कडेला काय लावावं याचा त्यात चांगला ऊहापोह आहे. झुडपं, ओकच्या फळ्या, कौलं, मेंढ्यांच्या नळीची हाडं, गोटे आणि शिसं! शिशाची चार बोटं रुंद पट्टी कापून घ्यायची, खालची कड थोडी बाहेर वळवून मातीखाली दाबायची. हवा तसा बाक देता येतो, लवकर मोडत नाही. खर्चिक असल्यामुळे काहींना ती आपल्या इभ्रतीला शोभेशी वाटे. पार्किन्सनना मात्र ती उन्हाळ्यात फार तापणारी आणि हिवाळ्यात फार गार वाटली.

बॉक्स या झुडपाची कड त्यांना आवडली, पण त्याची मुळं वाफ्यातलं पोषण ओढतात. त्यावर उपाय काय? रुंद पात्याचं लोखंडी हत्यार कडेलगत खोल खुपसून मुळं तोडायची. म्हणजे धातू इथेही आहेच, फक्त माणसाच्या हातात.

आता 1830 मध्ये येऊ. ग्लॉस्टरशायरमधल्या एडविन बडिंग यांनी गवत कापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. कापडावरची लव कातरणाऱ्या गिरणीतल्या यंत्रावरून ही कल्पना सुचली असं मानतात. मधली हिरवळ झटपट कापली जाऊ लागली, पण कडेचं गवत उरायचंच. ते कातरायला माळी लांब दांड्याची कात्री आणि अर्धचंद्र पातं घेऊन फिरे. पहिल्या महायुद्धात अनेक माळी रणांगणावर गेले. कॉर्नवॉलमधल्या हेलिगनसारख्या बागा त्यानंतर ओस पडल्या. मजुरी महाग झाली, घरमालक स्वतःच माळी झाला. अशा घरमालकाला एकदा लावली की वर्षानुवर्षं टिकणारी कड हवीशी वाटणार, हे उघड आहे.

ही पट्टी बसवतात कशी? दोरी ताणून रेघ आखायची, अरुंद चर खणायचा, पट्टी उभी करून खुंट्या ठोकायच्या, मग दोन्ही बाजूंनी माती दाबायची. वरची कड इतकी खाली ठेवायची की यंत्राचं पातं तिला लागू नये. पार्किन्सनची उन्हाची तक्रार इथे वेगळ्या रूपात परत येते. तापमान 40 अंशांनी वाढलं तर 10 मीटर ॲल्युमिनियम सुमारे 9 मिलिमीटर वाढतं, पोलाद 5. सांध्यात जागा सोडली नाही तर पट्टी फुगून वाकते.

हल्ली तांबूस गंजाचं कॉर्टेन पोलाद लोकप्रिय आहे. 1930 च्या दशकात अमेरिकेत ते आलं ते रेल्वेच्या मालडब्यांसाठी. 1964 मध्ये इलिनॉयमधल्या मोलीनला जॉन डिअर कंपनीचं मुख्यालय त्यात उभं राहिलं आणि वास्तुकारांना त्याची गोडी लागली. त्याचा गंजच त्याचं रक्षण करतो, पण त्यासाठी धातू भिजून पुन्हा वाळायला हवा. सतत ओल्या मातीत तो थर नीट धरत नाही. म्हणून पुरलेल्या भागासाठी पत्रा जाड घ्यावा लागतो.

मग माळ्याचा हात सुटला का? आपल्याकडची हरळी घ्या. तिचे धावते फुटवे पट्टीवरून उडी मारतात आणि जमिनीतली खोडं पट्टीखालून जातात. चिवट माणसाला आपण उगाच ‘हरळीची मुळी’ म्हणत नाही. शिशाची पट्टी मालकाची ऐपत मिरवत होती, आजची पोलादी पट्टी गवतात लपते. पण दोन्हींच्या काठाशी वाकून बसणारं कुणीतरी लागतंच, आणि बागेच्या इतिहासात त्याचं नाव क्वचितच सापडतं.