शत्रूला चार श्री

पत्रात कुणाच्या नावाआधी किती 'श्री' घालावेत, याचं एक जुनं संस्कृत गणित आहे. गुरूला सहा, धन्याला पाच, सेवकाला दोन, मुलाला आणि बायकोला एकेक. मित्राला तीन, शत्रूला मात्र चार! वररुचीच्या नावावर चालत आलेल्या या नियमात सगळं परराष्ट्र खातं मावतं. मान कमी पडला तर मित्र हसून सोडून देईल. शत्रू त्याच एका 'श्री'वरून भांडण उकरून काढेल.

राजाच्या वतीनं लिहिणाऱ्या-बोलणाऱ्या माणसाला शिकवावं लागतं, ही समज आपल्याकडे फार जुनी. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त राजशासन लिहिणाऱ्यासाठी एक स्वतंत्र प्रकरण आहे. अर्थक्रम, संबंध, परिपूर्णता, माधुर्य, औदार्य आणि स्पष्टपणा हे लेखाचे सहा गुण त्यात सांगितले आहेत. पाठोपाठ दोषही येतात: भिकार पानावरचं गचाळ अक्षर, मागचं-पुढचं न जुळणं, तेच ते पुन्हा लिहिणं, चुकीचे शब्द, नको तिथे परिच्छेद पाडणं. दूतांच्याही तीन पायऱ्या आहेत. निसृष्टार्थाला बोलणी करायची पूर्ण मुभा, परिमितार्थाला आखून दिलेल्या मर्यादेत, आणि शासनहरानं फक्त निरोप पोचवायचा.

महाराष्ट्रात या विद्येची पाठ्यपुस्तकं म्हणजे मेस्तकं. यादवांचा मंत्री हेमाद्री, म्हणजेच हेमाडपंत, याच्या नावानं ती ओळखली जात. कुणाला कोणता मायना, कोणत्या कागदाचा घाट कसा, हे सारं त्यांत नमुन्यांसह असे.

शिवकाळात या शिक्षणाला राजकारणाची धार आली. दख्खनच्या सुलतानी दफ्तरांत कारकुनी केलेल्या माणसांच्या बोरूतून फारसी शब्द आपसूक उतरत. राज्य स्वतंत्र झालं तरी लेखणीची सवय जुनीच होती. म्हणून शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंत्यांकडे 'राज्यव्यवहारकोशा'चं काम सोपवलं, आणि धुंडिराज व्यासांच्या हातून तो संस्कृत श्लोकांत रचला गेला. दहा वर्ग, सुमारे चौदाशे शब्द. त्यांत एक वर्ग खास लेखनाचा. 1674 च्या राज्याभिषेकाच्या सुमारास पदांची नावंही पालटली. पेशवा मुख्य प्रधान झाला, मुजुमदार अमात्य, सुरनीस सचिव, आणि परराज्यांशी बोलणी पाहणारा डबीर सुमंत झाला. 'डबीर' या फारसी शब्दाचा मूळ अर्थ लेखनिक. परराष्ट्रमंत्री म्हणजे आधी लिहिणारा माणूस, हे त्या नावातच होतं.

कोशाचा परिणाम किती झाला? वि. का. राजवाड्यांनी 1628, 1677 आणि 1728 सालच्या पत्रांतले शब्द मोजून पाहिले. पहिल्यात मराठी शब्द शेकडा 15 सुद्धा नव्हते, दुसऱ्यात 60 च्या वर गेले, तिसऱ्यात 90 च्या वर. तरी चिटणीस, फडणीस, पारसनीस ही नावं टिकली, आणि त्यांतला 'नीस' फारसीच. पारसनिसाचं तर कामच फारसी पत्रव्यवहार सांभाळण्याचं. दिल्लीशी, हैदराबादशी बोलायचं तर ती भाषा हवीच होती.

या मंडळींना शिकवायला स्वतंत्र शाळा नव्हती. फड, म्हणजे दफ्तराची कचेरी, हीच शाळा. पोरगा बापाच्या किंवा काकाच्या ओळखीनं उमेदवार म्हणून बसे, मोडीचा कित्ता गिरवी, नकला उतरवी, हिशेब ताडून पाही. मायना, मजकूर, शेवट असा पत्राचा सांगाडा हातात मुरला की मग मसुदा. धन्याला लिहिताना शेवट विज्ञापनेचा, बरोबरीच्याला लोभाचा, हाताखालच्याला नुसतं 'जाणिजे'. आलेल्या पत्रावर 'पैवस्ती'ची, म्हणजे पोचल्याची तारीख टाकायची. पेशव्यांच्या हुजूर दफ्तरात दोनशेहून अधिक कारकून होते असं सांगतात. म्हणजे वर्गही काही लहान नव्हता.

या शाळेतला दंतकथेचा विद्यार्थी बाळाजी आवजी चिटणीस. महाराजांनी सांगितलेलं पत्र लिहायचं राहून गेलं आणि ऐन वेळी वाचून दाखवायचा हुकूम झाला, तेव्हा त्यानं कोरा कागद समोर धरून सगळं पत्र घडाघडा म्हटलं, अशी आख्यायिका आहे. खरी-खोटी कशी असो, चिटणिसाकडून काय अपेक्षा होती ते ती नेमकं सांगते. बाळाजींना 1681 मध्ये संभाजी महाराजांच्या हुकुमानं देहान्ताची शिक्षा झाली. तरी पुढे चिटणिशी त्यांच्या मुलाकडेच, खंडो बल्लाळांकडे आली. शिक्षण घरातच साठलेलं असलं की राज्यालाही त्या घराकडे परतावं लागे.

वकिलांचंही तसंच. बाळाजी विश्वनाथ 1719 मध्ये चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन दिल्लीहून परतले, तेव्हा महादेवभट हिंगणे तिथं वकील म्हणून मागे राहिले. ती वकिली त्यांच्या मुलांकडे गेली. दरबारात कोण काय बोलला, कुणाचा रोख कुठे होता, हे पुण्याला कळवणं हा त्यांचा रोजचा अभ्यास. निजामाच्या दरबारातून गोविंदराव काळ्यांनी 1793 मध्ये नाना फडणिसांना धाडलेलं पत्र आजही मराठी गद्याचा नमुना म्हणून वाचलं जातं.

हे घरगुती शिक्षण वर्गात आणलं ते परक्यांनी. ईस्ट इंडिया कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांसाठी गव्हर्नर जनरल वेलस्लीनं 1800 मध्ये कलकत्त्याला फोर्ट विल्यम कॉलेज काढलं. तिथं मराठी शिकवण्यासाठी विल्यम कॅरीनं वैजनाथ पंडितांच्या मदतीनं पुस्तकं तयार केली. 1805 च्या व्याकरणाला नित्याच्या विषयांवरचे संवाद जोडलेले होते, आणि 1810 चा कोश मोडी खिळ्यांत छापला होता. फडावर कानांनी उचलायचं बोलणं पहिल्यांदा छापील धड्यांत आलं. 1818 मध्ये पेशवाई बुडाली आणि पुण्याचं दफ्तर इंग्रजांच्या ताब्यात गेलं.

मायना मात्र दफ्तरातून निसटून घराघरांत शिरला. विसाव्या शतकात शाळेतली मुलं वडिलांना पत्र लिहिताना 'शि. सा. न. वि. वि.' एवढी अक्षरं आधी मांडत, आणि लग्नपत्रिकांवर 'रा. रा.' छापलं जाई. 'शि. सा. न. वि. वि.'मधलं शेवटचं 'वि.' म्हणजे 'विशेष': नमस्कार संपले, आता कामाचं ऐका. फडावरच्या उमेदवाराला ते ठाऊक असे. पोस्टकार्डाच्या कोपऱ्यात ती अक्षरं कोंबणाऱ्या मुलाला ती फक्त पाठ होती, आणि चुकली तर मार्क कापले जात.