ऑइल बदलणं: कॅम्पातली एक विसरलेली सवय

मंडळी, परवा गाडीच्या सर्व्हिसिंगचं बिल हातात पडलं आणि वडील आठवले. रविवारी सकाळी अंगणात गोणपाट अंथरून ते फियाटखाली शिरायचे. पाना द्यायचं काम आमचं. "इंजिन कोमट असतानाच नट खोलायचा, तेलाबरोबर गाळही निघतो," हे पाठच झालं होतं.

ही सवय आपल्या कॅम्पात लष्कराकडून आली असावी. फौजेत गाडी बाहेर काढण्याआधी 'फर्स्ट परेड'ला तेल, पाणी, हवा ड्रायव्हरनंच बघायची. दुसऱ्या महायुद्धात गाड्या वाढल्या, १९४३ मध्ये दुरुस्तीसाठी वेगळं दल उभं राहिलं, तेच आजचं ईएमई. तरी रोजची निगा ड्रायव्हरकडेच राहिली. असे लोक निवृत्त होऊन इथंच राहिले आणि गल्लीला शिकवत गेले.

गाड्याही तशा होत्या. १९४७ पासून महिंद्रानं मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली. प्रीमियरची फियाट कुर्ल्यात बनायची. बॉनेट उघडलं की सगळं हाताशी. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिल्यावर गाडी मिळायची, मग माणूस तिला जपणारच! १९८३ च्या अखेरीस मारुती ८०० आली. पुढं वॉरंटी, कूपन, पुस्तिकेवरचा शिक्का यांची सवय लागली आणि घरातला पाना गंजला.

पैसे वाचवायला ही सवय पुन्हा लावावी का? जरूर. मॅन्युअलमधल्या ग्रेडचं ऑइल, नवा फिल्टर, नवा वॉशर घ्या. गाडी जॅकवर सोडून खाली शिरू नका, स्टँड लावा. वॉरंटी असेल तर आधी तिच्या अटी वाचा.

पण एक गोष्ट वडिलांचीही चुकायची. जळकं ऑइल ते कुंपणाशी ओतायचे, वाळवी लागू नये म्हणून. तेव्हा कुणालाच काही वाटत नसे. ते जमिनीत मुरतं, नाहीतर गटारातून नाल्यात, नाल्यातून दारणेत आणि पुढं गोदावरीत जातं. कायद्यानं तो घातक कचरा आहे. १ एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या तेलाच्या पुनर्वापराची जबाबदारी ऑइल बनवणाऱ्या कंपन्यांवरही आली आहे. मग घरी ऑइल बदलणाऱ्यानं आपलं तीन-चार लिटर द्यायचं कुठं?

कॅम्प कॅन्टोन्मेंटमध्ये राहो की महापालिकेत जावो, जळकं ऑइल जमा करायला एक ठरलेली जागा हवी. एवढी मागणी आपण मिळून करूया का?

आणि हो, तुमच्या घरी फियाटखाली कोण शिरायचं? खाली लिहा.