कुलाब्याच्या वहीतलं वादळ

माझे वडील कोकणातल्या एका लहान बंदरावर पावसाची आणि भरती-ओहोटीची नोंद ठेवायचे. कचेरीच्या वहीत आकडा लिहून झाला की घरच्या वहीत त्याची नक्कल करायचे. का करतात, हे कधी विचारलं नाही. ते गेल्यावर आम्ही भावांनी त्या वह्या रद्दीत घातल्या. जागा अडत होती, एवढंच कारण. पुढे कुलाब्याच्या वेधशाळेची हकिगत वाचनात आली आणि तेव्हापासून ती रद्दी मला टोचते.

ही वेधशाळा १८२६ साली ईस्ट इंडिया कंपनीने काढली. पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी तिथे १८४१ मध्ये सुरू झाली, १८४६ पासून ती नियमित झाली. लोकमान्य टिळकांचे गणिताचे गुरू केरूनाना छत्रे तरुणपणी इथे नोकरीला होते. काम म्हणाल तर कंटाळवाणं. टांगलेल्या चुंबकाची बारीकशी हालचाल डोळ्यांनी वाचायची आणि लिहायची, तासातासाला. चुंबक अस्वस्थ झाला तर पंधरा मिनिटांनी, कधी त्याहूनही लवकर.

१ सप्टेंबर १८५९ रोजी सकाळी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरच्या डागांचं चित्र काढत होते. सव्वाअकराच्या सुमाराला डागांच्या एका पुंजक्यावर प्रखर पांढरा उजेड फुटला आणि पाचेक मिनिटांत विझला. साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ आदळलं. अमेरिकेत बोस्टन आणि पोर्टलंडच्या तारबाबूंनी बॅटऱ्या सोडवून ठेवल्या आणि आकाशातून तारेत उतरलेल्या विजेवर एकमेकांशी बोलले! ध्रुवाकडचा रंगीत प्रकाश क्यूबापर्यंत दिसला.

मुंबईत तेव्हा २ सप्टेंबरची, शुक्रवारची सकाळ होती. कुलाब्याच्या वहीत त्या सकाळी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक आजच्या मापात सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी उतरलेला दिसतो. एरवीची मोठी वादळं त्याला काही शेकड्यांनीच खाली आणतात. लंडनजवळच्या क्यू वेधशाळेत तर नोंदीची रेघ कागदाबाहेर निघून गेली. कुलाब्याच्या पाळीवरच्या माणसाने आकडे लिहिणं सोडलं नाही.

काय घडत होतं ते आज सांगता येतं. सूर्यावरून प्लाझ्मा उसळला होता. प्लाझ्मा म्हणजे इतका तापलेला वायू, की त्याच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात. असे विद्युतभारित कण चुंबकीय क्षेत्रात शिरले की वळतात, म्हणून पृथ्वीचं क्षेत्र आपल्याला ढालीसारखं उपयोगी पडतं. मात्र प्लाझ्माबरोबर आलेल्या क्षेत्राची दिशा दक्षिणेकडे असेल, तर ते पृथ्वीच्या क्षेत्राशी जोडलं जातं आणि ढालीत दार उघडतं. आत आलेले कण विषुववृत्ताच्या वर, अवकाशात, पृथ्वीभोवती विजेचं एक कडं तयार करतात. त्याचं क्षेत्र जमिनीवरच्या क्षेत्राच्या उलट, म्हणून मुंबईतला आकडा उतरतो. मंगळाला अशी सबंध ढाल उरलेली नाही. त्याची हवा सौरवारा कशी ओरबाडून नेतो, ते २०१४ मध्ये तिथे पोहोचलेल्या मेव्हेन यानाने मोजलं.

कुलाब्याच्या त्या माणसाला यातलं काहीच ठाऊक असणं शक्य नव्हतं. प्लाझ्मा हा शब्द १९२८चा, सौरवाऱ्याचं गणित यूजीन पार्कर यांनी मांडलं ते १९५८ साली. अहो, लॉर्ड केल्विनसारख्या दिग्गजानेही १८९२ मध्ये सूर्याचा या वादळांशी संबंध नाकारला होता!

वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय मूस १८९६ साली आले. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, म्हणजे चुंबकांची मोजणी बिघडणार. तेव्हा मूस यांनी अलिबागला पोरबंदरी दगडाची, लोखंड टाळून बांधलेली नवी वेधशाळा उभी केली. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी चालली, म्हणजे जुने आणि नवे आकडे जुळवता यावेत. विजेची ट्राम धावली ती १९०७ मध्ये. मला तर या सगळ्या हकिगतीत हीच दोन वर्षं सर्वांत मोलाची वाटतात. १९१० साली मूस यांनी १८४६ ते १९०५ पर्यंतच्या नोंदी दोन खंडांत छापल्या.

आणि २००३ मध्ये त्सुरुतानी, गोन्झालेझ, लखिना आणि अ‍ॅलेक्स या चौघांनी कुलाब्याच्या जुन्या आकड्यांवरून १८५९च्या वादळाची ताकद मोजली. तो उतार सगळा त्या कड्यामुळेच आला, की ध्रुवाकडून सरकलेल्या प्रवाहांचाही त्यात हात होता, यावर अभ्यासकांचा वाद आहे. २ सप्टेंबर २०२३ रोजी, योगायोगाने त्याच तारखेला, आपलं आदित्य-एल१ यान निघालं. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर ते सूर्याकडून येणारा प्लाझ्मा आणि त्याचं चुंबकीय क्षेत्र मोजतं.

वडिलांची एक वही मात्र वाचली. तिच्या कोऱ्या पानांवर मी कॉलेजात असताना कविता लिहिल्या होत्या, म्हणून. पहिल्या अकरा पानांवर एका जुलैचा पाऊस आहे.