प्रयोगशाळेचे दार कोणासाठी उघडते?

‘गुणवत्ता असेल तर कोणी अडवत नाही,’ असे आपल्या पोरांना ऐकवणाऱ्यांनी अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञ पर्सी ज्युलियन यांचा इतिहास वाचावा. जन्म 1899, अलाबामा, गुलामांचा नातू. डीपॉ विद्यापीठात पहिले आले, 1923 साली हार्वर्डची पदव्युत्तर पदवी घेतली. पण गोरी मुले काळ्या माणसाकडून शिकणार नाहीत म्हणून तिथे शिकवण्याचे काम नाकारले गेले. वनस्पतींतील औषधी द्रव्यांचे शास्त्र प्रयोगशाळेत हात बसल्याशिवाय येत नाही. ज्युलियन यांना ती प्रयोगशाळा मिळाली थेट व्हिएन्नात. 1931 साली तिथेच डॉक्टरेट.

परतल्यावर डीपॉमध्ये त्यांनी पदवीच्या विद्यार्थ्यांनाही संशोधनाला लावले. 1935 साली जोसेफ पिक्ल यांच्यासोबत फायसोस्टिग्मीन प्रयोगशाळेत घडवले. पश्चिम आफ्रिकेतल्या कॅलाबार बियांतले हे द्रव्य काचबिंदूवर वापरत. ऑक्सफर्डचे रॉबर्ट रॉबिन्सन याच शर्यतीत होते. त्यांचे चुकले आहे हे ज्युलियन यांनी दाखवून दिले. (रॉबिन्सन यांना पुढे नोबेल मिळाले.) तरीही डीपॉने प्राध्यापकपद दिले नाही. गोऱ्यांची मुले घडवायला चालतो, खुर्चीवर चालत नाही! ओळखीचे वाटते ना?

मग शिकागोची ग्लिडन कंपनी, सोयाबीनपासून प्रोजेस्टेरॉन. 1950 साली ओक पार्कमधले त्यांचे घर जाळण्याचा प्रयत्न झाला, पुढच्या वर्षी डायनामाइट फेकले. ते हटले नाहीत. त्याच दशकात स्वतःची ज्युलियन लॅबोरेटरीज काढली आणि इतरत्र दार बंद असलेल्या कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञांना तिथे कामावर घेतले.