युयाइयाकोचे पहिले आरोहक

पर्वताच्या माथ्यावर पहिलें पाऊल कोणाचें पडलें, हें नोंदून ठेवण्याची हौस आधुनिक गिर्यारोहकांना फार. दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वतांत मात्र एका शिखरानें ही हौस पार जिरविली. चिली व अर्जेंटिना यांच्या सीमेवर, आटाकामाच्या वैराण प्रदेशांत, युयाइयाको नांवाचा ज्वालामुखी उभा आहे. उंची ६,७३९ मीटर, म्हणजे सुमारें २२,११० फूट. आसपास वस्ती नाहीं, पाणी दुर्मिळ. हवा इतकी कोरडी कीं, एवढ्या उंचीवरहि बर्फ बेताचेंच. इ. स. १९४८ मध्यें जवळच्या सोकोम्पा खिंडींतून लोहमार्ग पुरा झाला, तरी या डोंगराकडे वळणारा प्रवासी विरळाच राहिला.

इ. स. १९५२ च्या डिसेंबरांत बियोन गोन्सालेस व हुआन हार्साइम हे चिलींतील गिर्यारोहक माथ्यावर पोंचले. या शिखराचें हें पहिलें नोंदलेलें आरोहण. पण वर जाऊन पाहतात तों मनुष्याच्या हातचीं बांधकामें!

तीं इंका लोकांचीं होतीं. सुमारें पांचशें वर्षांपूर्वीं या लोकांनीं पायथ्यापासून वाट आंखली, वाटेंत विसाव्याचीं ठाणीं बांधलीं आणि माथ्यानजीक दगडी झोंपड्या व एक चौथरा उभारला. प्राणवायूची नळकांडीं नाहींत, पोलादी कुऱ्हाडी नाहींत. अंगावर लोंकरीचीं वस्त्रें आणि ओझ्याला लामा जातीचीं जनावरें. असे लोक केवळ पराक्रमासाठीं वर चढले नव्हते. त्यांच्या लेखीं पर्वत हेंच दैवत होतें.

त्या दैवताला काय वाहिलें, हें इ. स. १९९९ मध्यें कळलें. अमेरिकन संशोधक योहान राइनहार्ड व अर्जेंटिनाच्या कॉन्स्तान्सा सेरुती यांच्या तुकडीनें चौथरा खणला, तेव्हां आंत तीन मुलें गोठलेल्या स्थितींत सांपडलीं: सुमारें तेरा वर्षांची मुलगी, आणि चार-पांच वर्षांचे एक मुलगा व एक मुलगी. शेजारीं सोन्या-रुप्याच्या व शिंपल्याच्या चिमुकल्या मूर्ति. मोठी मुलगी मांडी घालून, मान किंचित् झुकवून, जणूं झोंपली होती.

पुढें तिच्या केसांची रासायनिक तपासणी झाली. मरणापूर्वीं सुमारें वर्षभर तिचा आहार एकाएकीं सुधारला होता. कोकाचीं पानें तिला वाढत्या प्रमाणांत देत होते, आणि शेवटल्या कांहीं आठवड्यांत मद्याचें प्रमाण फार चढलें होतें. म्हणजे ही तयारी दीर्घकाळ चालली होती. अशा बलिदानाला इंका लोक मोठा मान समजत. पण पांच वर्षांच्या मुलाला त्या मानाविषयीं कोण विचारणार? एवढ्या उंचीवर तें मूल कसें पोंचलें असेल, चालत कीं कोणाच्या खांद्यावर, याची कल्पनाहि मनाला जड जाते.

आज हीं मुलें अर्जेंटिनांतील साल्टा शहरीं, इ. स. २००४ मध्यें उघडलेल्या संग्रहालयांत, कडक थंडींत जपून ठेविलीं आहेत. एका वेळीं एकच देह कांचेआड दिसतो. तेथील कित्येक आदिवासींना तेंहि मान्य नाहीं. मुलांना पर्वतावरून खालीं आणावयासच नको होतें, असें त्यांचें म्हणणें आहे.