‘गावठी आहे, त्याला काही होत नाही’

एखादं मत खोडायचं, तर आधी ते त्याच्या सर्वांत भक्कम रूपात मांडावं, ही आपल्याकडच्या वादाची जुनी शिस्त आहे. म्हणून पूर्वपक्ष आधी.

आपली गावठी कुत्री-मांजरं याच मातीत वाढली. ऊन, पाऊस, उकिरडा यांतून पिढ्यान्‌पिढ्या जी तगली, तीच पुढे राहिली. त्यामुळे ती मुळातच काटक. लशी, गोळ्या, वेगळं खाणं हे पग, हस्की, लॅब्रॅडॉर अशा बाहेरून आणलेल्या जातींचे लाड. आजीच्या घरी कुत्रं ओसरीवर भाकरी खाऊन वाढलं, मांजर चुलीपाशी दूधभातावर वाढली, कुणाला दवाखाना दाखवावा लागला नाही. फार तर पावसाळ्यात थोडं लक्ष द्यावं. बाकीचं सगळं औषध कंपन्यांनी वाढवलेलं खूळ.

हे मत शिकलेली, प्राण्यांवर खरा जीव असलेली माणसं मांडतात आणि त्यात तथ्यांशही आहे. चपट्या नाकाचा पग विदर्भातल्या मे महिन्यात श्वासासाठी तडफडतो. गावठी कुत्रं त्याच उन्हात सावली शोधून निभावून नेतं. ठरावीक जातींत पिढ्यान्‌पिढ्या जवळच्या नात्यात पैदास झाल्यानं साचलेले जन्मजात दोष गावठी जनावरात कमी आढळतात. इतकं मान्य करूनही या मताचा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि त्या चुकीची किंमत जनावरं जिवानं मोजतात.

पहिला दोष अनुमानातच आहे. रस्त्यावर धडधाकट गावठी कुत्री दिसतात, म्हणून गावठी कुत्री धडधाकट असतात, असा हा युक्तिवाद. पण जी दिसतात ती उरलेली आहेत. गेलेली कुणी मोजली? ती एका ठिकाणी मोजली गेली आहेत. कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमध्ये भटक्या कुत्र्यांच्या ९५ वेतांतल्या ३६४ पिल्लांची नोंद ठेवली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात प्रजननक्षम वयापर्यंत, म्हणजे सुमारे सात महिन्यांपर्यंत, पोचलेली पिल्लं होती अवघी १९ टक्के. या मृत्यूंतला मोठा वाटा माणसाच्या हातून घडलेला होता, आजारानं मेलेली त्यातली काहीच, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. तरी मुद्दा शिल्लक राहतोच. पाचांतलं एक पिल्लू उरतं, ते आपल्या दारात येतं आणि आपण म्हणतो, बघा किती काटक. आपण घरी आणलेलं पिल्लू त्या पाचांतलं कोणतं, हे आणताना कुणालाच ठाऊक नसतं.

मांजरांबाबतही हीच गफलत होते. ‘मांजर कितीही उंचावरून पडली तरी चार पायांवर उतरते’ या समजुतीला आधार म्हणून न्यूयॉर्कमधला १९८७ सालचा एक अभ्यास सांगितला जातो. उंच इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांपैकी ज्यांच्यावर उपचार झाले, त्यांतल्या सुमारे ९० टक्के वाचल्या, असं त्यात नोंदलं आहे. पण त्या सगळ्या दवाखान्यात आणलेल्या मांजरी होत्या. खाली पडून जागीच गेलेल्या मांजरीला कोण दवाखान्यात नेणार? वाचलेल्यांतही छातीला मार बसलेल्या, जबडे फुटलेल्या, पाय मोडलेल्या पुष्कळ होत्या. पुण्या-मुंबईत बाराव्या मजल्यावर राहणाऱ्याच्या बाल्कनीला जाळी लागतेच, मग मांजर गावठी असो की पर्शियन.

आता आजीच्या काळाकडे येऊ, कारण पूर्वपक्षाची सगळी भिस्त त्यावर आहे. कुत्र्याच्या पिल्लांना आज सर्वाधिक छळणारा पार्वो हा आजार आजीच्या काळी नव्हताच. त्याचा विषाणू १९७८ साली जगासमोर आला. मांजरांत आधीपासून असलेल्या एका विषाणूचा हा जवळचा नातलग. कुत्र्यांत शिरला आणि दोनेक वर्षांत जगभर पसरला. आजीच्या कुत्र्यानं पार्वोवर मात केली नव्हती, त्याची पार्वोशी गाठच पडली नव्हती. रक्ताची हगवण, थांबता न थांबणाऱ्या उलट्या, आणि उपचार नसतील तर बहुतेक पिल्लं काही दिवसांत दगावतात. हा विषाणू अंगणातल्या मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि साध्या फिनाइलला दाद देत नाही. म्हणून ज्या घरात पार्वोनं पिल्लू गेलं, तिथं महिन्याभरात दुसरं लस न घेतलेलं पिल्लू आणणं म्हणजे त्याला त्याच आजाराच्या तोंडी देणं.

‘दोन लशी दिल्या होत्या, तरी गेलं’ ही तक्रारही खूप ऐकू येते आणि त्यातून लस निरुपयोगी असल्याचा निष्कर्ष निघतो. यामागचं कारण समजून घेण्याजोगं आहे. आईच्या पहिल्या चिकातून पिल्लाला प्रतिपिंडं मिळतात. ती सहा ते सोळा आठवड्यांच्या दरम्यान हळूहळू ओसरतात. एकाच वेतातल्या भावंडांतही वेगवेगळ्या वेगानं. ती भरपूर असतात तोवर आजाराला थोपवतात आणि लशीलाही निष्प्रभ करतात. ओसरताना मात्र एक टप्पा असा येतो, की लशीला निष्प्रभ करण्याइतकी ती उरतात, पण खऱ्या आजाराला थोपवण्याइतकी उरत नाहीत. त्या मधल्या काही दिवसांत पिल्लू दोन्हीकडून उघडं पडतं. ते दिवस नेमके कोणते, हे बाहेरून कळत नाही. म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी लस द्यायची आणि शेवटचा डोस सोळा आठवडे पुरे झाल्यावर द्यायचा, हा नियम आहे. दहाव्या-बाराव्या आठवड्यात ‘झाले दोन डोस’ म्हणून थांबणारे बरोबर याच फटीत सापडतात. गावठी आईचं दूध याला अपवाद नाही.

आणि जे आजार आजीच्या काळी होते, त्यांचं काय? डिस्टेंपरचं वर्णन देवीच्या लशीसाठी ओळखल्या जाणाऱ्या एडवर्ड जेन्नरनं १८०९ सालीच लिहून ठेवलं आहे. त्या आजारानं गेलेल्या ओसरीवरच्या कुत्र्यांची नोंद कुठल्याच घरानं ठेवली नाही. एक गेलं, दुसरं आलं, त्यालाही मोती म्हणून हाक मारली. आठवणीत एकच मोती राहिला आणि तो पंधरा वर्षं जगला.

दूधभातावर वाढलेल्या मांजरीची गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. ती मांजर दूधभातावर जगत नव्हती, उंदरांवर जगत होती. कणगी, माळा, गोठा हे तिचं खरं स्वयंपाकघर. मांजराचं शरीर टॉरिन नावाचं द्रव्य पुरेसं बनवू शकत नाही. ते मांसातूनच मिळावं लागतं आणि उंदरात ते भरपूर असतं. टॉरिन कमी पडलं की डोळ्यांचा पडदा निकामी होत जातो, हृदयाचे स्नायू पातळ होऊन हृदय फुगतं. यातली हृदयाची बाजू कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी १९८७ साली दाखवली. त्यांच्याकडच्या आजारी मांजरी तयार डब्याचंच खाणं खात होत्या, हेही सांगितलं पाहिजे. त्यानंतर कंपन्यांना टॉरिनचं प्रमाण वाढवावं लागलं. म्हणजे ‘पाकिटातलं आहे म्हणजे बरोबरच’ हे म्हणणंही तपासूनच घ्यावं. पण फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, आयुष्यात उंदीर न पाहिलेल्या मांजरीला दूधपोळीवर ठेवणं म्हणजे आजीच्या मांजरीचं निम्मं ताट काढून घेणं होय. शाकाहारी घरानं मांजर पाळण्याआधी या गोष्टीचा नीट विचार करावा, असं मी कळकळीनं सांगेन.

कुत्र्याचं तसं नाही, आणि इथं पूर्वपक्षाला त्याचं माप द्यायला हवं. २०१३ सालच्या एका संशोधनानं दाखवलं की पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी जास्त असतात. माणसाच्या शेतीबरोबर त्याचं पोटही बदललं. भाकरी कुत्र्याला विष नाही. मात्र नुसती भाकरी पुरत नाही, आणि ती ज्या रश्शात कुस्करतात तो घातक ठरू शकतो. कांदा आणि लसूण तांबड्या रक्तपेशी फोडतात. मांजरीला तर फारच थोडा पुरतो. गोचिड्या जाव्यात म्हणून कुत्र्याला लसूण चारणारे लोक आहेत. गोचिड्या जात नाहीत, रक्त मात्र कमी होतं.

गोचिडीवर जरा थांबायला हवं, कारण ‘पावसाळ्यापुरती काळजी’ ही समजूत इथं सपशेल कोसळते. थंड देशांत हिवाळ्याच्या कडाक्यात गोचिडी बहुतेक दबून राहतात, म्हणून तिकडच्या पुस्तकांत हंगामाची भाषा येते. आपल्याकडे डिसेंबरातही घराच्या भिंती त्यांना पुरेशा उबदार असतात. आपल्या कुत्र्यांवरची तपकिरी गोचीड रक्त पिऊन झालं की दर खेपेला खाली उतरते. फटीत, चौकटीमागं, पलंगाच्या सांध्यात जाऊन कात टाकते, आणि शेवटी मादी तिथंच हजारो अंडी घालते. अंगावर दिसतात त्या घरातल्या एकूण गोचिडींचा लहानसा भाग. म्हणून चिमट्यानं चार काढून टाकल्या की काम झालं, असं होत नाही. महिन्याची किंवा तीन महिन्यांची गोळी, किंवा मानेवर टाकायचं औषध, बारा महिने चालू ठेवावं लागतं. कुत्र्याला पूर्वी झटके आले असतील तर गोळी निवडण्याआधी ते डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

या गोचिडीतून होणाऱ्या एर्लिकिया नावाच्या तापाबाबत पूर्वपक्षाकडे एक चांगला दाखला आहे. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी लष्कराची शेकडो कुत्री या आजारानं मेली आणि त्यांत जर्मन शेफर्ड मोठ्या संख्येनं होते. ही जात त्याला अधिक बळी पडते, हे खरं. मग गावठी कुत्र्याला काही होत नाही का? होतं, फक्त उशिरा दिसतं. पहिला ताप दोन-चार आठवड्यांत उतरतो, कुत्रं खायला लागतं, घरचे म्हणतात, ‘आपोआप बरं झालं.’ जंतू शरीरात लपून राहतो. महिने, कधी वर्षं. मग एखाद्या दिवशी नाकातून रक्ताची धार लागते, हिरड्या पांढऱ्या पडतात, आणि तोवर अस्थिमज्जाच थकलेली असते. सुरुवातीच्या तापातच रक्त तपासून डॉक्सिसायक्लिनचा पुरा कोर्स दिला असता तर बहुतेक कुत्री वाचली असती. ज्याला आपण काटकपणा म्हणतो, तो पुष्कळदा आजाराचा हा मूक काळ असतो.

घरगुती उपायांबद्दल दोन गोष्टी निक्षून सांगतो. गोचिडी घालवायला अंग रॉकेलनं पुसल्यानं कातडी भाजते आणि चाटल्यावर ते पोटात जातं. आणि कुत्र्यासाठीचं गोचिडीचं परमेथ्रिनयुक्त औषध मांजरीला कधीही लावू नये. तिचं यकृत ते निकामी करू शकत नाही, तिला झटके येऊन ती मरू शकते. याच कारणानं ताप आलेल्या मांजरीला पॅरासिटामॉलचा तुकडाही देऊ नये. माणसाच्या पोटाला जे चालतं ते मांजरीच्या पोटाला चालेल, हे गृहीतक फार मांजरींच्या जिवावर बेततं.

‘निसर्गाला त्याचं काम करू द्या’ असंही म्हणतात. जखम चाटून बरी होते, हे छोट्या खरचटण्यापुरतं ठीक. पावसाळी दिवसांत उघड्या जखमेवर माशी बसली की दोन दिवसांत अळ्या पडतात, त्या जिवंत मांस खात आत जातात, आणि कानामागची जखम चाटायला जीभ पोचतही नाही. उंदरांच्या मूत्रातून साचलेल्या पाण्यात उतरणारा लेप्टोस्पायरोसिस कुत्र्याची मूत्रपिंडं आणि यकृत धरतो, माणसाचीही. जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईनं तो अनुभवला आहे. ‘मादीला एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत’ यालाही आरोग्याचा आधार नाही. शस्त्रक्रिया न केलेल्या माद्यांपैकी साधारण चौथ्या हिश्शाला वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत गर्भाशयात पू होतो, असं स्वीडनमधल्या विमा-नोंदींवरून दिसलं आहे. एक वेत झालं म्हणून हा धोका टळतो, असं नाही.

राहिला धंद्याचा आक्षेप. तो मी झटकणार नाही, कारण तो अंशतः खरा आहे. लहान प्राण्यांच्या पशुवैद्यांची जागतिक संघटनाच सांगते की पार्वो, डिस्टेंपर यांची लस प्रौढ कुत्र्याला तीन वर्षांच्या आत पुन्हा देण्याची गरज नाही. तरी दरवर्षी सगळं एकत्र टोचणारे दवाखाने आहेत; तिथं मालकानं विचारावं आणि डॉक्टरांनी उत्तर द्यावं. मात्र लेप्टोची लस वर्षभरच टिकते, ती दरवर्षीच घ्यावी लागते. नको ती लस टाळता यावी म्हणून हवी ती कोणती हे शिकून घ्यायचं असतं. सगळ्याच लशी सोडून देणं हे त्याचं उत्तर नाही.

आणि रेबीज. इथं मतभेदाला जागाच नाही. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात पिसाळलेल्या जनावराच्या चाव्याचं वर्णन आहे आणि पाण्याची भीती हे मरणाचं लक्षण म्हणून सांगितलं आहे. आजही लक्षणं दिसू लागल्यावर रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. ज्यांना परंपरेचा आधार हवा त्यांनी हा आधार घ्यावा. गोव्यात २०१३ पासून कुत्र्यांना मोठ्या प्रमाणावर रेबीजची लस टोचली गेली. ती कुत्री बहुतांशी गावठीच होती, रस्त्यावरची आणि अंगणातली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कुत्र्यांमधले रेबीजचे रुग्ण ९२ टक्क्यांनी घटल्याचं आणि माणसांचे मृत्यू थांबल्याचं नोंदलं आहे. ‘गावठी आहे, लस कशाला’ म्हणत बसले असते, तर हे घडलं नसतं.

पैसे बेताचे असतील तर क्रम असा ठेवावा: रेबीजची लस सर्वांत आधी, बहुतेक सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत ती अल्प खर्चात मिळते, पिल्लू असेल तर पार्वो-डिस्टेंपरचे सोळा आठवड्यांपर्यंतचे डोस, मग गोचिडीचं औषध, मग नसबंदी. औषधाचा महिना चुकलाच तर संध्याकाळी कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीच्या मुळाशी हात फिरवून पाहावं, ओठ उचलून हिरड्यांचा रंग बघावा. गुलाबी असतील तर ठीक. फिकट दिसल्या, किंवा कुत्र्यानं सलग दोन वेळा खाणं नाकारलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता दवाखान्यात न्यावं.